चिठ्ठीवर पोवळं, ब्रोचमध्ये शिंपला

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्की शहराहून गॅलप गाव सव्वादोनशे किलोमीटर. तिथे जुन्या रूट ६६ महामार्गावर झुनी या मूळ अमेरिकन जमातीच्या दागिन्यांची दुकानं आहेत, झुनी गाव तिथून दक्षिणेला तासाभरावर. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना घेऊन गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे.

घेतला तो सूर्याचा चेहरा कोरलेला ब्रोच, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९६० च्या सुमाराचा, पिरोजा, पोवळं, जेट (कोळशाच्या जातीचा काळा खडा), मोत्याचा शिंपला. किंमत ३२० डॉलर. मागे सही नाही, पण त्या काळात बरेच कारागीर सही करत नसत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. किरणांच्या तुकड्यांमध्ये चांदीच्या बारीक पट्ट्या, चेहऱ्यात मात्र तुकड्याला तुकडा थेट भिडलेला. नख फिरवलं तर सांधा लागत नाही.

दुकानात पिवळे दिवे. त्या उजेडात सगळंच छान दिसतं! मी ब्रोच दारापाशी नेला, दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. मालकाने हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. पांढरा भाग तिरका केला की गुलाबी-हिरवी झाक सरकत होती, म्हणजे शिंपला खरा. पिरोज्याचे तुकडे किंचित वेगवेगळ्या छटांचे, एक तर हिरवटलेला. रंगवलेल्या राळेचे असते तर सगळे एकसारखे निळे दिसले असते. डोळ्यांचा काळा तुकडा ओठाला लावला, गारेगार नाही, म्हणजे ऑनिक्स हा काळा दगड नव्हे. आता जेट की प्लास्टिक? गरम सुई टोचली तर जेटला कोळशाचा वास येतो, पण दुसऱ्याच्या दुकानात सुई कोण टोचणार? भिंगाखाली त्यात बुडबुडे नव्हते, तेवढ्यावर मी थांबले.

लाल तुकड्यावर सासूबाईंनी आपली अंगठी टेकवली आणि भिंग मागितलं.

"अगं, हे पोवळं नव्हे. यात पांढरट पट्टे आहेत बघ."

खरंच होते. अंगठीतलं पोवळं एकाच रंगाचं, अंगात बारीक समांतर रेघा. ब्रोचमधला लाल एका कडेला नारिंगीकडे झुकलेला, मध्ये फिकट पट्टा. म्हणजे स्पायनी ऑयस्टर, कॅलिफोर्नियाच्या आखातातला काटेरी शिंपला. झुनी कारागीर तोही वापरतात, त्यामुळे ब्रोच खोटा ठरत नाही. पण पोवळं महाग, आणि किंमत पोवळ्याची लावली होती.

मालकाने आधी "सगळे पोवळंच म्हणतात" असं ऐकवलं. मग स्वतः भिंगातून पाहिलं, चिठ्ठीवरचा शब्द खोडला आणि ४० डॉलर कमी केले. पावतीवर मात्र पुन्हा 'पोवळं'च छापून आलं. ते पेनाने बदलून त्याची सही घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. परत करायची मुदत सात दिवस, तेव्हाही पैसे परत मिळत नाहीत, तेवढ्याची खरेदी त्याच दुकानात करायची.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा भिंग लावू दिल्याचा. सासूबाईंनी ब्रोच इरकलीच्या पदराला लावून पाहिला, अजून परत दिलेला नाही.