लेखनवर्ग चांगला, पण खर्डा दाखवायची लाज सोडावी लागते

लेखन शिकवणारे ऑनलाइन वर्ग हल्ली पैशाला पासरी झालेत. बहुतेकांचा साचा एकच. व्हिडिओ पाहा, गृहपाठ पाठवा, आठवड्याने ‘छान, पण अजून धार हवी’ असा शेरा घ्या. धार नेमकी कुठे हवी, ते आपलं आपण शोधायचं. हा वर्ग तसा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं काम दिवसभर दुसऱ्यांचे अहवाल दुरुस्त करण्याचं. स्वतःचं लिहायला बसले की पहिल्या परिच्छेदातच गाडी अडते.

इथे तयार लेख पाठवायची सोयच नाही. पहिल्या टिपणापासून सगळं सामायिक गूगल डॉकमध्ये, जुन्या आवृत्त्यांसकट. बाई स्वतःचाही कच्चा खर्डा तिथेच टाकतात. ‘हा मधला भाग कोणासाठी आहे?’ असं आम्ही विचारल्यावर त्यांनी तो आमच्यादेखत शेवटी नेला, आणि पुढच्या तासाला परत मध्ये आणला. का आणला, तेही सांगितलं. पटलं नाही तरी त्यांचा विचार कसा चालतो ते दिसलं.

प्रतिसाद द्यायची रीत अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांची, १९९० च्या सुमाराची. नर्तकांसाठी निघालेली ही पद्धत लेखनालाही चपखल बसते. आधी वाचणारे आपल्याला काय भिडलं ते सांगतात. मग लिहिणारा प्रश्न विचारतो. मग वाचणारे विचारतात, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. मत सगळ्यात शेवटी, तेही परवानगी घेऊन.

माझा लेख वडिलांच्या श्रवणयंत्राबद्दल होता. एकाने सुरुवात केली, “एवढी लांबण कशासाठी लावलीय?” बाईंनी तिथेच थांबवलं, हा प्रश्न नाही, मत आहे म्हणाल्या. तो थोडा चिडला, मग विचार करून म्हणाला, “यंत्र टेबलावर येईपर्यंत वडिलांबद्दल वाचकाला काय कळायला हवं?” मी म्हटलं, त्यांचा तापटपणा, आणि ते रेडिओ दुरुस्त करायचे ही गोष्ट. बोलता बोलताच लक्षात आलं की रेडिओ तर माझ्या लेखात दुसऱ्या पानावर येतो. सुरुवातीचे तीन परिच्छेद गेले. ‘काप’ असं कोणीही म्हटलं नव्हतं. “शेवटाबद्दल एक मत आहे, सांगू का?” यावर मी एकदा “आत्ता नको” म्हटलं, तेही सगळ्यांनी सहज घेतलं.

आता जिथे घोडं अडतं ते. लेख कशावर तपासायचा, ते निकष शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून ठरवायचे. कल्पना छानच, पण प्रत्यक्षात दोघे-तिघे बोलत होते आणि बाकीचे ‘चालेल’ म्हणत होते. बाई मुद्दाम गप्प. त्यातून ‘प्रामाणिकपणा’ हा निकष यादीत घुसला, जो मोजायचा कसा ते कोणालाच सांगता येईना. पुढे बाईंनी दोन छापून आलेले लेख समोर ठेवले आणि आमची यादी त्यांना लावून बघायला सांगितली. ‘प्रामाणिकपणा’ लगेच गळाला. त्याजागी ‘पाहिलेलं कोणतं आणि कल्पिलेलं कोणतं, हे वाचकाला ओळखता येतं’ असा कामाचा निकष आला. हेच पहिल्या दिवशी करायला काय हरकत होती? भागीदारी म्हणून अनुभवी माणसाने तोंडाला कुलूप लावायचं, हे मला पटत नाही. त्यांनी आमच्या कितीतरी पट लेख तपासलेत. ते ज्ञान टेबलावर ठेवावं, मग आम्ही खुशाल वाद घालू.

मधल्या काळात गुण नाहीत. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या शाळकरी मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यांसोबत गुणही मिळाले तिथे तो फायदा दिसला नाही. माझंही तसंच, आकडा दिसला की शेरा कोण वाचतं! शेवटी पहिला, मधला आणि अखेरचा खर्डा, सोबत काय बदललं आणि का याचं टिपण द्यायचं. मग समोरासमोर बोलून श्रेणी ठरते. मतभेद झाला तर शब्द बाईंचा, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. बरं केलं.

वेळ मात्र भरपूर लागतो, लिहिण्यापेक्षा दुसऱ्यांचं वाचण्यात जास्त. तासांची रेकॉर्डिंग नंतर पाहून काही हाती लागत नाही, हजर राहावंच लागतं. झटपट युक्त्या हव्या असतील, तर या वाटेला जाऊ नका. डोक्यात एखादा विषय बरेच दिवस घोळत असेल आणि अर्धवट लिहिलेलं अनोळखी लोकांना दाखवायची तयारी असेल, तर जरूर घ्या.

माझी खरी तक्रार जोडीदाराच्या व्यवस्थेबद्दल. एकमेकांचे खर्डे वाचायला दोघांची जोडी लावतात. माझा जोडीदार मध्येच गायब झाला आणि कळवूनही बदली कोणी मिळालं नाही. दोघांऐवजी तिघांचे गट केले तर एक गळाला तरी काम अडणार नाही. पाचपैकी चार तारे देतेय, कापलेला एक त्याचाच.