घरच्यांना चायनीज खायला न्यायचंय: कॅम्पातलं रेस्टॉरंट बरं की शाकाहारी हॉटेल?

बेळगावात चायनीज मिळत नाही असा रस्ता सापडणं कठीण. पण आजी-आजोबा, मुलगा-सून, पोरंटोरं असं अख्खं घर न्यायचं असेल तर खरी निवड दोनांतच होते. एक म्हणजे कॅम्प, टिळकवाडी भागात असतात तसली खास चायनीज रेस्टॉरंटं, जिथं चिकनपासून प्रॉन्सपर्यंत सगळं मिळतं. दुसरं उडुपी वळणाचं शाकाहारी हॉटेल. तिथं सकाळी इडली-वडा असतो आणि संध्याकाळी गोबी-नूडल्सची वेगळी भट्टी पेटते.

माझं मत आधीच सांगते. चवीला पहिलं सरस. पण टेबलावर एक जरी कडक शाकाहारी माणूस असेल तर गुमान दुसरीकडं वळावं.

कारण कढईत आहे. चायनीजच्या स्वयंपाकघरात मोठ्या आचेवर एकच लोखंडी कढई फिरत असते. चिकन फ्राइड राइस उतरला की तिच्यात पाणी फिरवायचं, की लगेच व्हेज हक्का चढतो. पळीही तीच. गर्दीच्या वेळी वेगळी कढई ठेवणारी ठिकाणं थोडी. शिवाय व्हेज म्हणून मागवलेल्या सूपचा स्टॉक कोंबडीचा असू शकतो, ग्रेव्हीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, असू शकतो. बसायच्या आधी मॅनेजरला सरळ विचारावं. घरात सोमवार, गुरुवार किंवा श्रावण पाळणारं कुणी असेल तर त्या दिवशी हा प्रश्नच ओढवून घेऊ नये. जैन मंडळी बरोबर असतील तर चायनीज दोन्हीकडं अवघड. आलं-लसूण सगळ्यात आधी तेलात पडतं आणि शेजवान चटणीत तर लसूण भरभरून असतो. पण शाकाहारी हॉटेलात त्यांना निदान दुसरं काही मागवता येतं.

हाच त्या हॉटेलाचा मोठा आधार. आजींना कर्ड राइस नाहीतर सेट डोसा, पोरांना नूडल्स, आजोबांना चपाती-भाजी, सगळं एकाच टेबलावर येतं. खास चायनीजमध्ये आजींच्या वाट्याला स्वीट कॉर्न सूप येतं आणि मग सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसणं. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्ही खावा की’ असं त्या म्हणतात खऱ्या, पण घरी आल्यावर दूध-भात कालवून घेतात.

आता चवीचं. शाकाहारी हॉटेलाच्या मेनूकार्डावर मंचुरियन, चिली आणि सिक्स्टी-फाइव्ह अशी तीन नावं असतात. ताटात उतरल्यावर तिघांची चव चुलत भावंडांसारखी. गोबी, पनीर, मशरूम, बेबीकॉर्न, एवढाच काय तो फरक. नूडल्स दुपारीच उकडून तेल लावून ठेवलेल्या असतात. खास रेस्टॉरंटात आच जबर आणि आचाऱ्याचा हात बसलेला, त्यामुळं भाताला तो जरासा धुरकट वास येतो आणि शितं मोकळी राहतात. ड्राय आणि ग्रेव्ही यांतला फरकही तिथं खरोखरचा असतो. नुसत्या चवीसाठी जायचं आणि सगळे सगळं खाणारे असतील, तर विचार कसला करायचा? तिथंच जावं. ‘अस्सल चायनीज कुठं?’ असं विचारणाऱ्याला मात्र सांगावं, की मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग या आचाऱ्याला दिलं जातं आणि तेही १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. गोबीचा अवतार त्यानंतरचा.

गोबीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण आपल्याकडं लहान पोरांची पहिली मागणी तीच असते. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असले रंग त्यांत सापडले. मोडणाऱ्याला कैद आणि दंड होऊ शकतो. बेळगाव या हुकुमाखाली येतं. त्यामुळं इथं दोन्ही ठिकाणांना मी एकच परीक्षा लावते. ताटलीतली गोबी तपकिरी-लालसर दिसली तर ठीक. केशरी-लाल झगमगत असेल आणि बोटांना, टिश्यूला रंग लागत असेल तर ती परत पाठवावी. रंगच हवा तर ब्याडगी मिरची आहेच, कर्नाटकातल्याच हावेरी जिल्ह्यातली. तिखट बेताचं, रंग गडद. चांगला आचारी तीच वाटून घालतो. मोसमही बघावा. थंडीत फ्लॉवर घट्ट आणि कोवळा मिळतो. पावसाळ्यात मी गोबी टाळून बेबीकॉर्न मागवते.

खर्चात खास रेस्टॉरंट वरचढ पडणार हे उघड आहे, पण वाटतं तेवढं नाही. तिथल्या एका फ्राइड राइसमध्ये दोघांचं भागतं, सूप वन बाय टू मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. चूक होते ती ऑर्डर देताना. प्रत्येकजण आपापली नूडल्स-राइस सांगतो आणि शेवटी डबे बांधून न्यावे लागतात. सहा जणांना दोन स्टार्टर, एक राइस, एक नूडल्स, एक ग्रेव्ही एवढ्यानं सुरुवात करावी, लागलं तर पुन्हा सांगता येतं. शाकाहारी हॉटेलात एसी हॉलचा दर बऱ्याचदा खालच्या हॉलपेक्षा वेगळा असतो, तो बसायच्या आधी विचारावा. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के. कॉम्पोझिशन योजनेतल्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेतल्या, हॉटेलाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे. बिलात परस्पर लावला असेल तर काढायला सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बोलाचालीची अडचण दोन्हीकडं नाही. पाटी कन्नडमध्ये, मेनूकार्ड इंग्रजीत आणि ऑर्डर मराठीत, हे आपल्याकडं रोजचंच. फक्त ‘कम तिखट’ हे वेटरला दोनदा सांगावं, एकदा ऑर्डरच्या वेळी आणि एकदा तो वळल्यावर.

हातगाडीचं थोडक्यात सांगते. दोघं-तिघं मित्र असतील तर गाडीसारखी मजा नाही आणि भातही पुष्कळदा खमंग असतो. पण म्हाताऱ्या माणसांना उभं राहून खायला लावणं, पोरांचे हात धुवायला पाण्याची शोधाशोध, तेल किती वेळा तापलंय याचा पत्ता नाही, एवढं सगळं घेऊन घरचं जेवण होत नाही. पार्सल आणायचं तर ग्रेव्ही आणि तळलेलं वेगळं बांधून घ्यावं. नूडल्सपेक्षा राइस वाट चांगली काढतो. अनगोळ-वडगावपर्यंत ठीक, खानापूरला पोचेपर्यंत नूडल्सचा गोळा होतो.

निपाणीकडच्यांनी बेळगावच्या नादाला लागूच नये, त्यांना कोल्हापूर जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. खानापूरकरांनी मात्र यावं, पण रविवारी साडेसातच्या आत. आठनंतर दोन्हीकडं टेबलासाठी उभं राहावं लागतं आणि सहा जणांचं एकत्र टेबल सगळ्यात शेवटी रिकामं होतं. फोन करून टेबल धरून ठेवायची सोय खास रेस्टॉरंटात बहुधा असते. शाकाहारी हॉटेलात दारात नाव सांगून थांबायचं.