हिंगण्याचं लेथचं दुकान: काम चोख, तारीख विसरा (५ पैकी ४)

समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया करून हवा म्हटल्यावर दोन दुकानांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आपल्या नागपुरात लाटा बघायच्या तर फुटाळा तलाव, त्यांची तरी काय चूक! तिसरं हे हिंगणा एमआयडीसीतलं. एक लेथ, एक वेल्डिंग मशीन, दारात स्क्रॅपचा ढीग.

काम माझ्या एम.टेक.च्या प्रोजेक्टचं. समुद्रातली पवनचक्की बहुधा एकाच जाड पोलादी नळीवर उभी असते, तिला मोनोपाइल म्हणतात. वारा आणि लाटा आडव्या रेटतात, पाइल कलते. सगळं मिळून अर्ध्या अंशाच्या वर कलू द्यायची नाही, असा साधारण दंडक. हायब्रिड पायात त्याच पाइलला समुद्रतळाशी रुंद चकती बसवतात. पाइल कलायला लागली की चकतीची एक कड वाळूत दाबते आणि खालची वाळू तिला उलटी रेटते.

मी १:१०० मॉडेलसाठी अडीच इंची पाइप ६३ मिमी धरून ड्रॉइंग काढलं होतं. दुकानाच्या काकांनी व्हर्निअर लावला: बाहेरून ७६. "अडीच इंची हे नाव आहे भाऊ, माप थोडंच!" उलट बरंच झालं, ७.६ मीटरची पाइल खऱ्याच्या जास्त जवळची.

चकती २३० मिमीची, ८ मिमी प्लेटची. पहिल्यांदा बोअर (मधलं भोक) ढिला ठेवला, हातानं सरके इतका. कप्पीवरून वजनं टांगली तर पाइल कलली आणि चकती आपली वाळूवर लोळत पडलेली. आलेख नुसत्या पाइलसारखाच. परत गेलो. त्यांनी वरून बॉस (पाइलला घट्ट बसणारी जाड कॉलर) वेल्ड करून दिला, पण वेल्डिंगनं प्लेट ओढली गेली आणि कडा २ मिमी वर उचलल्या.

दिसायला किरकोळ. पण अर्ध्या अंशाला ११५ मिमी त्रिज्येची कड खाली जाते जेमतेम १ मिमी. म्हणजे दंडकाची मर्यादा गाठली तरी कड वाळूला शिवणारच नाही! हे मी कागदावर काढून दाखवलं. काका क्षणभर बघत राहिले, मग "काहून टेन्शन घेऊन राहिला?" म्हणत जॉब चकमध्ये धरला आणि खालून फेसिंग मारून सपाट केला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

एक स्टार कापला तो तारखांसाठी. चार दिवस सांगून अकरा लावले, फोन उचलत नाहीत. बिलही कच्चं, कॉलेजात लावायचं असेल तर आधीच बोला. आणि ड्रॉइंग कागदावर न्या, मोबाइलवरचं ते बघत नाहीत.

काल कन्हान नदीच्या चाळलेल्या वाळूवर चकती टेकवली. कडेखाली कागद सरकवून पाहिला, गेला नाही.