जुन्या लॅपटॉपचे सेल घालून वापरायची पॉवर बँक केस: चार महिन्यांनंतर

लॅपटॉपची बॅटरी मेली, पण फेकवेना. उघडली तर आत १८६५० मापाचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सहा गोल लिथियम सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक. अशा जोडणीत एक जोडी बसली की अख्खा पॅक बसतो, बाकीचे चार धडधाकट असले तरी. मीटर लावला: दोन सेल १ व्होल्टच्याही खाली, चार ३.६ च्या आसपास. त्या चारांसाठी ही रिकामी केस मागवली.

सेल सोडवताना घाई नको. निकेलची पट्टी पक्कडीने हळूहळू गुंडाळत काढली, तरी एका सेलचं वेष्टण प्लसच्या टोकाशी फाटलंच. तिथेच जास्त जपायचं, कारण मधलं बटण सोडलं तर त्या टोकाची कडही मायनसच असते. नवी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवली. ते उतरलेले दोन सेल मात्र चार्ज करायच्या भानगडीत पडले नाही. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. ते ई-कचऱ्यात दिले.

केसच्या स्प्रिंगा घट्ट आहेत, डाग (सोल्डर) द्यावा लागत नाही. यासाठीच घेतली, सेलला थेट डाग दिला की तो तापून बिघडतो. राग आला तो प्लस-मायनसच्या खुणांचा. काळ्या प्लास्टिकवर काळ्याच, नखाने चाचपडून शोधायच्या! चारही सेल समांतर जोडले जातात, त्यामुळे एक जरी उलटा बसला तर बाकीच्या तिघांचा करंट त्याच्यातून धावणार, आणि ते अडवणारं केसमध्ये काही नाही. मी लाल नेलपॉलिशने खुणा केल्या, मगच पहिला सेल बसवला.

केसवरचा १०,००० चा आकडा विसरा, क्षमता सेलची असते. माझ्या सेलवर २२०० एमएएच छापलंय, टेस्टरवर १८५० ते १९४० भरले. चौघांचे मिळून साडेसात हजार, तेही ३.७ व्होल्टला. ५ व्होल्टवर चढवताना साडेपाच हजार उरतात, त्यातूनही सर्किट आपला वाटा घेतं. यूएसबी मीटरवर मला ४७०० मिळाले. टाकून द्यायच्या बॅटरीतून एवढं निघालं, मी खूश आहे.

घरात मल्टिमीटर आणि क्षमता मोजणारा चार्जर असेल तर जरूर घ्या, नसेल तर नको. आणि बसवण्याआधी सगळे सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून दोन आठवडे नुसते ठेवा. जो आपोआप उतरतो, तो बाजूला काढा.