मेटारायझियम पावडर: माडासाठी उत्तम, पिंपातल्या अळ्यांसाठी नको

मेटारायझियम ही किडींना मारणारी बुरशी. माडावरच्या गेंड्या भुंग्यासाठी मिळणारी तिची पावडर शेणखताच्या खड्ड्यात चोख काम करते. डासांच्या अळ्यांसाठी ती नेणाऱ्यांनी आधी पाकिटावरचा आकडा वाचावा.

तिथे साधारणपणे ग्रॅमला १०⁸ सीएफयू, म्हणजे १० कोटी जिवंत बीजाणू छापलेले असतात. १ ग्रॅम १ लिटरमध्ये घातली की मिलिलिटरला १ लाख पडतात. प्रयोगशाळेत अळ्यांवर बहुधा १० लाख ते १० कोटी वापरतात. त्या हिशेबाने २०० लिटरच्या पिंपाला कमीत कमी २ किलो पावडर लागेल. पावडरीत बीजाणू शंखजिऱ्यात मिसळलेले असतात, आणि एवढे शंखजिरे पडल्यावर पाणी कशाच्याच कामाचे राहत नाही. शिवाय पिंपातली एडिस या डेंग्यूच्या डासाची अळी खाली जाऊन चरते आणि तिच्या कातडीला हे बीजाणू नीट चिकटतही नाहीत.

मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिस डासाची गोष्ट वेगळी. तिची अळी पाण्याला समांतर पडून पृष्ठभागावरच खाते, आणि बीजाणूही तिथेच तरंगतात. त्यामुळे चिरेखाणीतल्या उथळ, सावलीतल्या डबक्यांत पावडर वापरून पाहण्यासारखी आहे. ती कोरडी फेकू नये. गोळे होतात आणि शंखजिरे बीजाणूंना घेऊन तळाला बसते. थोड्या खाद्यतेलात कालवून संध्याकाळी पृष्ठभागावर शिंपडावी, कारण उन्हाने बीजाणू मरतात. कुळागरात सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) मारलेला पंप किंवा बादली अजिबात घेऊ नये. उरलेले मोरचूद बुरशीलाच मारते.

सर्वाधिक फसगत वेळेची होते. बुरशीला अळी मारायला काही दिवस लागतात, आणि आपल्याकडच्या उष्णतेत अळीचा कोष आठवड्याभरात होतो. मधे कात टाकली तर चिकटलेले बीजाणूही तिच्याबरोबर गळतात. म्हणून अळ्या अगदी बारीक असतानाच वापरावी. परिणाम पाहायला त्याच डबक्याचे पाणी आणि अळ्या दोन भांड्यांत घ्याव्यात, एकात पावडर न घालता. नाहीतर आपोआप मेलेल्या अळ्यांचे श्रेयही बुरशीला जाते.

लवकर परिणाम हवा असेल तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध जास्त भरवशाचे. अळ्या साधारण २४ तासांत मरतात. गोव्यात अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सीवर त्याच्या प्रत्यक्ष चाचण्याही झाल्या आहेत. कोषांवर मात्र तेही चालत नाही.

मेटारायझियम घ्यायचीच तर पॅकिंगची तारीख ताजी बघावी, उन्हात ठेवलेले पाकीट घेऊ नये. पिण्याच्या विहिरीत ती टाकू नये. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे. एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात.