दोन राउटर जोडण्याच्या नावाखाली माझे ८,७५० रुपये गेले

चौतीस वर्षे मी हिशेब तपासण्याचे काम केले. इतरांच्या पावत्यांमधली खाडाखोड ओळखणाऱ्या माणसाला त्याच्याच बैठकीत, त्याच्याच डोळ्यांदेखत फसवले गेले, हे लिहिताना फार लाज वाटते. तरीही लिहितो, कारण नागपूरच्या मानेवाडा भागात तो राउटर जोडून देणारा मनुष्य अजूनही घरोघरी जात असणार, याबद्दल मला शंका नाही.

आमचे घर दुमजली आहे. राउटर खालच्या बैठकीत, सूनबाईंचे ऑफिसचे काम वरच्या खोलीत आणि मध्ये काँक्रीटचा स्लॅब, त्यामुळे वर रेंज जेमतेम एक काडी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तिने कूलरची खोली सोडून जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसावे, हे मला पाहवत नव्हते. आधीच्या कनेक्शनचा एक राउटर घरात पडून होता आणि दोन राउटर बिनतारी जोडता येतात, एवढे मी ऐकून होतो. ते कसे करायचे, हे मात्र माहीत नव्हते, म्हणून ओळखीतून नंबर मिळालेल्या एका तंत्रज्ञाला बोलावले.

त्याने जुना राउटर हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "काकाजी, हा डब्बा काही कामाचा नाही. मेशच बसवा लागते. मी करून देतो नं सगळं." मेश, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारे उपकरण, त्याचे ६,९००, दोन राउटर जोडण्याच्या ‘लाइन ॲक्टिव्हेशन’चे १,५०० आणि जोडणीचे ७५० असे ९,१५० रुपये झाले. त्यातून जुन्या राउटरचे ४०० वजा करून ८,७५० ठरले. ३,००० मी यूपीआयने दिले आणि ५,७५० त्याच्या आग्रहाखातर रोख. घरातले दोन राउटर एकमेकांना जोडण्यासाठी कुठल्याही कंपनीला शुल्क द्यावे लागत नाही, ती राउटरमधलीच सोय आहे. हे वाक्य कुणी मला त्या दिवशी सांगायला हवे होते.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो मला रोज आठवतो. खोक्याचे सील फाटलेले होते. उपकरणाच्या खालच्या बाजूला काढून टाकलेल्या स्टिकरचा चिकट चौकोन होता आणि हवेच्या फटींत धूळ बसलेली होती. त्याने माझ्यासमोर सेटिंगचे पान उघडले तेव्हा वायफायच्या नावाच्या रकान्यात कुण्या अनोळखी घराचे नाव आधीच लिहिलेले होते, पुढे फ्लॅटचा क्रमांकसुद्धा. मी विचारले. तो म्हणाला, टेस्टिंगचे आहे. मी मान डोलावली. वरून सूनबाई आवाज देत होत्या, त्यांची मीटिंग दहा मिनिटांवर आली होती आणि मला ते काम एकदाचे संपवायचे होते. नव्या वस्तूत दुसऱ्याच्या घराचे नाव कसे येईल, हा साधा प्रश्न मी त्याच वेळी धरून बसायला हवा होता.

बारा दिवसांत वरचे नेट तुटू लागले, खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसेना आणि त्याचा फोन बंद. भाच्याने येऊन पाहिले, तर ते मेश नव्हतेच, एकाच बँडचा, म्हणजे एकाच वारंवारतेवर चालणारा, वापरलेला राउटर होता. तंत्रज्ञाने वर वेगळेच नेटवर्क उभे केले होते: खालच्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होणारे, वरच्यांचे १९२.१६८.१ ने. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्डही कंपनीचा मूळचाच ठेवलेला. असा पासवर्ड तंत्रज्ञ निघण्यापूर्वी आपल्या हाताने बदलून घ्या. भाच्याने दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद केला, त्याला त्याच मालिकेतला १९२.१६८.०.२ हा पत्ता दिला, दोन्हीकडे एकच चॅनेल आणि एकच सुरक्षा प्रकार ठेवून डब्ल्यूडीएस, म्हणजे दोन राउटर बिनतारी जोडण्याची सोय, सुरू केले. चाळीस मिनिटे लागली. असा एकबँडी राउटर तोच रेडिओ घेण्यालाही आणि पुढे पाठवण्यालाही वापरतो, म्हणून वर वेग साधारण निम्मा मिळतो. पण प्रिंटर दिसतो आणि काम चालते. डब्ल्यूडीएस दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये जुळेलच असे नाही. आमचे दोन्ही राउटर मात्र एकाच कंपनीचे होते, आणि ४०० रुपयांत मी दिलेला राउटरही त्याच कंपनीचा होता. म्हणजे काही विकत घेण्याची गरजच नव्हती.

पोलीस ठाण्यात सांगितले गेले की हा दिवाणी व्यवहार आहे, सायबरकडे जा. सायबरकडे सांगितले गेले की माणूस घरी आला होता, मग हा सायबर गुन्हा कसा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, असे मी म्हणालो, तर समोरच्याने वर न पाहता अर्ज ठेवून जायला सांगितले. बँकेचे म्हणणे, पिन तुम्हीच टाकला. यूपीआयवर नाव तिसऱ्याच व्यक्तीचे निघाले. ती कोण, हे बँकेला मला सांगता येत नाही म्हणे, आणि पोलीस विचारत नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, हे खरे. पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे फक्त ‘एस्टिमेट’ लिहिलेला, जीएसटी क्रमांक नसलेला कागद. त्या कागदावर सही घेताना पत्ता लिहून घ्यायला मला कुणी अडवले नव्हते, हे मान्य आहे. परंतु चार कार्यालयांत फिरूनही एकानेही तो मोबाइल क्रमांक कुणाचा, एवढे शोधू नये? पक्के बिल हातात आल्याशिवाय कुणालाही रोख देऊ नका.

माझ्याकडे आलेला राउटर त्याने कुठल्या तरी घरून ‘निरुपयोगी’ म्हणूनच नेलेला असणार, आणि माझाही आता कुठे तरी नवा म्हणून विकला जाईल. माझा राउटर पांढरा आहे, डाव्या अँटेनावर काळी चिकटपट्टी आहे आणि सेटिंगमधले नाव ‘तुळस खालचा मजला’ असे आहे. ते नाव कुणाच्या घरी दिसले, तर पैसे देऊ नका, त्या माणसाला बसवून ठेवा आणि मला कळवा.