आईच्या आमवातासाठी गाठलेला दवाखाना: तीन भेटींनंतरचा अभिप्राय

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या आईच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी तास-दीड तास आखडलेली राहत होती, आणि कणीक मळणेही तिला जमेनासे झाले होते. वयाचा वात समजून आम्ही 6 महिने तेल चोळण्यात आणि वेदनाशामक गोळ्यांत घालवले. त्यानंतर पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यात गेलो.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तपासणीला दिलेला वेळ. रक्ताचे अहवाल उघडण्याआधी डॉक्टरांनी हातांचा एकेक सांधा दाबून पाहिला, आखडलेपणा किती वेळ टिकतो आणि हालचालीने दुखणे वाढते की कमी होते, हे विचारले. या प्रश्नांमागचे कारणही त्यांनी समजावून सांगितले. गुडघ्याची झीज असेल तर सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात ओसरतो आणि जिना चढताना वेदना वाढते. आमवातात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि हालचालीने थोडे मोकळे होतात. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकू लागला, तर युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाउटची शंका आधी घ्यावी लागते. आपण या सर्वांना ‘संधिवात’ म्हणतो आणि शेजारणीला लागू पडलेली गोळी घरी आणतो, याचे मला आता फार वाईट वाटते.

आमवाताच्या शंकेने रक्तात तपासला जाणारा ‘आरए फॅक्टर’ आईचा निगेटिव्ह आल्याने आम्ही निर्धास्त होतो. तो निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो, हे येथे कळले. अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आणि उलटलेली प्रतिकारशक्ती शमवणारे मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असे ठळक मराठीत लिहून दिले, त्याचे दुष्परिणाम कमी करणाऱ्या फॉलिक ॲसिडचा वार वेगळा ठेवला आणि रक्ताच्या व यकृताच्या तपासण्यांच्या तारखाही नेमून दिल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, हेही त्यांनी आधीच सांगितले होते. तिसऱ्या भेटीपर्यंत आईचा ताठरपणा अर्ध्या तासावर आला होता.

गैरसोयी मात्र खऱ्या आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे धरून जिना चढणारे रुग्ण पाहून जीव कळवळतो. वेळ घेऊनही दोन तास थांबावे लागले. व्यायामाचे पत्रक केवळ इंग्रजीत असल्याने मी ते आईसाठी वहीत मराठीत उतरवून काढले.

जाताना जुने अहवाल आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, काढ्यांसह, सोबत न्यावीत. डॉक्टर ती मागतातच.